ट्रॉपीसर आणि गार पडलेली बादली

चहा गार झाला, असं आमच्या सासऱ्यांसमोर म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते कपाकडं न बघता खोलीकडं बघत आणि म्हणत, "गार कुठं झाला? त्यातली ऊब खोलीत गेली की! बसा निवांत, त्याच उबेत बसलाईसा तुम्ही." पाहुणा बिचारा ऐन उन्हाळ्यात घाम पुसत त्या उबेत बसून राही. शेवटी सासूबाई आतून ओरडत, "खोली तापली आसंल तर कप द्या हिकडं, विसळायचं हाईत." तेवढ्यावर शास्त्रार्थ संपे.

घरात ते अण्णा. कॉलेजात ट्रॉपीसर. कोल्हापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. एन्ट्रॉपी हा शब्द दिवसातून इतक्या वेळा त्यांच्या तोंडातून निघे की पोरांनी त्याची शेंडी उडवली आणि उरलेला तुकडा सरांना चिकटवला. रस्त्यात कुणी सायकलवरून "नमस्कार ट्रॉपीसर!" असं ओरडत गेलं आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन जोरात पायडल मारू लागलं, की अण्णा खुशीत येत. म्हणत, "पळू दे. एक शब्द तर ध्यानात ऱ्हायला गड्याच्या."

मूळ गाव कुरुंदवाड. जैन शेतकऱ्याचं घर. भाऊ गावाकडं ऊस बघायचे आणि अण्णा राजारामपुरीतल्या एका गल्लीत भाड्याच्या घरात राहून पोरांना तीन गोष्टी शिकवायचे: एन्थाल्पी म्हणजे उबेचा हिशेब, एन्ट्रॉपी म्हणजे पांगापांग, आणि दोघींच्या भांडणाचा निकाल देणारी फ्री एनर्जी. बाकीचं रसायनशास्त्रही शिकवत असणार. पण त्यांचे विद्यार्थी भेटले की या तिघींबद्दलच बोलतात, जणू सरांच्या तीन थोरल्या लेकी आहेत आणि तिघींची लग्नं या पोरांनीच लावून दिलीत.

एन्ट्रॉपीचा पाठ ते मैदानावर घ्यायचे. वर्गाला प्रार्थनेसारखं रांगेत उभं करायचं, मग घंटा वाजवायची. पोरं पांगली की ओरडून परत बोलवायचं आणि विचारायचं, "रांगेत उभं ऱ्हायची तऱ्हा किती? एक. मैदानावर असायच्या तऱ्हा किती? मोजता येत न्हाईत. म्हणून घंटा झाली की रांग मोडती. आता सांगा, सुट्टीत हिंडता हिंडता पोरांची आपसूक रांग लागलेली कुणी बघितली हाय?" एका वर्षी मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "सर, वडापावच्या गाड्यावर लागती की!" सगळा वर्ग फुटला. दुसरे कुणी मास्तर असते तर पोराला अंगठे धरायला लावलं असतं. अण्णांनी त्याला मिठी मारली. "शाब्बास रं वाघा! ही झाली एन्थाल्पी. वडापाव ओढतोय आणि मैदान पांगवतंय. दोघांच्या झटापटीत शेवटी काय हुणार, ते जिच्यावरनं कळतं ती फ्री एनर्जी. आणि त्यात तापमान कुठं आलं? तर गारठ्यात पोरं गाड्याला चिकटून उभी असत्यात. हवा तापली की मैदान जिंकतं!"

त्या वर्षापासून वडापाव पाठात कायमचा आला. दरसाल ठरावीक दिवशी एक अख्खा वर्ग मास्तरांसकट आपल्याकडं बोट दाखवून काहीतरी बोलतो, हे पाहून गाडीवाल्यानं म्हणे एकदा घाबरून तेल बदललं होतं.

फ्री एनर्जी कमी होणं म्हणजे गोष्ट आपणहून घडण्याचं लक्षण, असं पुस्तकात असतं. अण्णा त्याला 'उतार' म्हणायचे. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न तोच: "उतार हाय का?" शेजारच्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला घालायचा होता आणि मुलाला तबला वाजवायचा होता. बाप सल्ला विचारायला आला तर अण्णा म्हणाले, "ओढून न्याल की. पर हात सोडला की परत तबल्यावर येतंय ते. तिकडं उतार हाय त्याचा." बाप फणकारून गेला. पोरगं पुढं इंजिनिअर झालं आणि आता आठवड्याला दोनदा तबल्याचे क्लास घेतं, हे सांगताना अण्णा मिश्या नसलेल्या जागी बोट फिरवत.

पण उताराला त्यांचं एक पोटकलम होतं. "उतार हाय म्हणून लगीच हुतंय असं न्हाय. काडी काय पेटीत पेटती व्हय? घासायला लागती." हे कलम त्यांना मुख्यतः त्यांच्या लुना मोपेडनं शिकवलं असावं. ती लुना रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यावी लागे. घामाघूम झालेले अण्णा भेटेल त्याला सांगत, "चालू हाय गाडी. तत्त्वानं चालू हाय. घासायची तेवढी ऱ्हायलीय."

या घरात मी आलो तो युरियाच्या वाटेनं.

नव्वदीच्या सुरुवातीचा एक उन्हाळा. मी पन्हाळ्याला तालुका कचेरीत कारकून होतो. शिक्षण बी.कॉम. उंचीबद्दल आमच्या घरात बोलायची पद्धत नाही. केस तेव्हाच निरोपाची भाषा बोलू लागले होते. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच, की नोकरी सरकारी होती आणि स्वभाव नम्र होता. आता हा नम्र स्वभाव म्हणजे कचेरीत जडलेली सवय. साहेब काहीही बोलले तरी "हो साहेब, कळलं" म्हणायचं, आणि ते गेल्यावर शेजारच्याला विचारायचं, "काय म्हणत होते?" घरीही तेच. वडीलधाऱ्यांपुढं 'नाही' हा शब्द आमच्या खानदानात तीन पिढ्या कुणी उच्चारला नव्हता.

तात्या, म्हणजे माझे चुलते, मला घेऊन मुलगी बघायला राजारामपुरीत आले. दुपारची लाईट गेलेली. नवा फ्रिज होता, पण तो नुसताच पांढरा उभा होता. लिंबाचं सरबत कोमट, आणि बाहेर सगळं कोल्हापूर तव्यावर. तेव्हा अण्णांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर कल्पना सुचली. सोप्याच्या कोपऱ्यात मळ्याकडं धाडायचं युरियाचं पोतं पडलेलं होतं. त्यांनी पाण्याची बादली आणली, तीत ओंजळीओंजळीनं युरिया टाकला, काठीनं ढवळला आणि सरबताचा तांब्या मधोमध बसवला. बादलीच्या बाहेरच्या अंगाला बघता बघता दव धरलं.

"बघा पावणं! बर्फ न्हाय, लाईट न्हाय, आन् पाणी गार!" असं म्हणून त्यांनी एक स्टीलचा पेला त्या बादलीत बुडवला आणि माझ्या हातात दिला. "हात लावून बघा." ते 'हात लावून बघा' सगळ्यांनी ऐकलं, एक मी सोडून. कारण त्याच क्षणी आतल्या दारात पडदा हलला होता आणि माझं सगळं लक्ष त्या पडद्यात गेलं होतं. मुलगी बघायला गेलेल्या माणसाच्या हातात पेला आला तर तो काय करतो? मी पेला तोंडाला लावला आणि निम्मा खाली केला.

चव कशी होती ते आजही सांगता येत नाही. खारट, कडवट, आणि मागून जिभेवर एक विचित्र थंडी. तेवढ्यात सासूबाई (तेव्हा व्हायच्या होत्या) बाहेर आल्या. त्यांना वाटलं, सरबत दिलंय. "कसं झालंय?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो.

"अवो, थुका! युरिया हाय त्यो!" अण्णा किंचाळले. तात्यांनी पेल्याकडं जाणारा आपला हात विंचू चावल्यासारखा मागं घेतला. पडद्यामागून एक हसू फुटलं, दाबायचा प्रयत्नही न केलेलं, मोठ्ठं. मला चुळा भरायला लावल्या, तांब्याभर पाणी पाजलं. मी पुन्हा माणसासारखा बसलोय म्हटल्यावर तात्यांनी विचारलं, "काय हुत न्हाय न्हवं?" अण्णा म्हणाले, "एवढ्यानं काय हुत न्हाय. प्यायची चीज न्हाय खरी, पर घोटभरानं काय?" तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला वेळ लागत नाही. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "उसाला वाढवतोय तर ह्येला बी जरा वाढवंल."

नंतर ती बाहेर आली. सुनंदा. माझ्यासमोर पेला ठेवला आणि एकच वाक्य बोलली: "हे प्यायचं पाणी आहे." बस्स. माझ्या दृष्टीनं लग्न तिथंच झालं. तिच्या बाजूनं व्हायचं तेवढं राहिलं होतं.

निघताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पावणं, खरं सांगा. चव कशी हुती?"

"बरी होती, सर."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. स्थळ पसंत नाही असं नाही. पण होकाराआधी मुलानं रोज संध्याकाळी घरी यावं आणि युरियानं पाणी गार का झालं, ते समजून घ्यावं. समजलं की पुढचं बघू.

तात्यांचा पारा चढला. "आम्ही ना हुंडा मागितला ना मानपान. आन् ह्येनी आमचीच परीक्षा घ्याया बसलं व्हय? आपल्या सात पिढ्यांत कोण सायन्सला गेलंय का?" त्यांनी दुसऱ्या दोन स्थळांची नावंही सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यापुढं गप्प राहिलो. आमच्याकडं गप्प राहणं हे बंड समजतात.

मग सुरू झाला माझा रसायनशास्त्राचा उन्हाळा. त्या घरात जैन रीतीनं दिवस मावळल्यावर जेवत नसत, आणि आलेल्या माणसाला न जेवता पाठवतही नसत. म्हणजे पन्हाळ्याहून उतरून, पाठ संपवून, सूर्य बुडायच्या आत माझं ताट झालं पाहिजे. त्यासाठी कचेरीतून लवकर सुटायला हवं. साहेबांनी विचारलं, "लग्न ठरलं का काय रे तुझं?" मी म्हणालो, "नाही साहेब, अजून एन्थाल्पी चालू आहे." साहेब म्हणाले, "असू दे असू दे, इलाज वेळेवर केलेला बरा."

अण्णा तळमळून शिकवायचे. युरियाचा खडा म्हणजे रांगेतली पोरं. एकमेकांचे हात घट्ट धरलेले. ते हात सोडवायला ऊब लागते. ती कुठनं आणायची? जवळ पाणीच आहे, पाण्याकडनं घ्यायची. म्हणून पाणी गार. "म्हंजे उबेच्या हिशेबानं हे चढावर चाललंय. तरी जातंयच! का जातंय? कळलं?"

"कळलं, सर."

"काय कळलं?"

कचेरीतल्या माणसाला हे अवघड नसतं. समोरच्याचं शेवटचं वाक्य जरा शुद्ध करून परत द्यायचं. "म्हणजे, सर, उबेच्या हिशेबानं हे चढावर चाललं आहे, तरी ते जातंच."

अण्णा एक लांब सुस्कारा सोडायचे. "जेवून घ्या. सूर्य थांबत न्हाय. उद्या या."

असं किती संध्याकाळी चाललं, देव जाणे. सुनंदा ताट वाढायची, भाकरीवर लोणी ठेवायची आणि माझ्याकडं न बघता आत जायची. भाजी कशी झाली असं सासूबाईंनी विचारलं की मी म्हणायचो, "छान." एकदा मीठच घातलं नव्हतं, तेव्हाही म्हणालो, "छान." आत कुणीतरी भांडं आपटलं. परतीच्या एस.टी.त मी तुटलेल्या सीटवर बसून विचार करायचो: मी सगळं तर 'कळलं' म्हणतोय, मग या माणसाला अजून हवंय तरी काय? तिकडं तात्यांनी निर्वाणीचा इशारा दिला होता. आठवडाअखेर होकार आला नाही, तर ते जयसिंगपूरच्या स्थळाला शब्द देणार. आणि तात्यांनी दिलेला शब्द परत घेतला, असं आमच्याकडं कधी झालं नव्हतं.

त्या शेवटच्या संध्याकाळी अण्णा पुन्हा घंटा आणि मैदानावर आले. पोरं पांगतात, तसा युरिया पाण्यात पांगतो. पांगण्याच्या तऱ्हा इतक्या की उबेचा चढ त्यापुढं हरतो. झटापटीत एन्ट्रॉपी जिंकते. उतार तिकडं आहे. "कळलं?"

दिवसभर उपाशी होतो. बस चुकली होती, टेम्पोतून आलो होतो. जयसिंगपूर डोळ्यांपुढं होतं. आणि तोंडातून नेहमीचा शब्द बाहेर यायच्या ऐवजी भलतंच आलं. "नाही," मी म्हणालो. "नाही कळलं सर. एक अक्षर कळलं नाही. पहिल्या दिवसापासून नाही. पोरं सुट्टीत बाहेर जातात कारण त्यांना मजा येते. युरियाला काय मजा येते? त्याला कुणी सांगितलं, बाहेर तऱ्हा जास्त आहेत म्हणून? त्याला काय कळतंय?"

माझंच बोलणं माझ्या कानात घुमत होतं. संपलं, मी मनात म्हटलं. एस.टी.चे पैसे गेले, बायको गेली.

अण्णांचा चेहरा मात्र दिवा लावल्यासारखा झाला. "हां!" ते मांडीवर थाप मारून ओरडले. "आत्ता विचारलंसा! तीस वर्षं झाली, पोरं हेच विचारत न्हाईत! आवो, त्याला काईच कळत न्हाय. कुणी बाहेर जात न्हाय, कुणाला जायाचं नसतं. हे नुसतं हिंडतंय. हिकडं धडक, तिकडं धडक. खड्यात परत जाऊन बसायची जागा एक, आन् बाहेर असायच्या जागा लाख. मग हिंडणारं पोरगं तुम्हाला सापडणार कुठं? लाखातच की! जातंय असं न्हाय पावणं, सापडतंय तिथं!"

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कळलं. सगळं नाही, पण एक खिडकी उघडावी तेवढं. इतकं साधं होतं ते. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही, आणि तरी बादली गार पडते. मी वेड्यासारखा हसायला लागलो. अण्णाही हसायला लागले. त्यांनी फळकुटावर खडूनं सूत्र लिहिलं, तापमानाला वडापावच्या गोष्टीतली त्याची जागा दिली, आणि मी प्रश्नावर प्रश्न विचारत सुटलो. "मग मीठ गरम पाण्यात विरघळलं तर? मग वाफ? मग आमच्या कचेरीतल्या फायली?" "फायलींचं नंतर!" अण्णा म्हणाले.

सूर्य बुडायला आला तरी आम्हाला भान नव्हतं. शेवटी सासूबाई बाहेर आल्या. ताटात भाकरी नव्हती, शिरा होता. आमच्या भागात ताटात शिरा आला की माणसानं होकाराचा शब्द शोधत बसायचं नसतं. "गोड झालाय?" त्यांनी विचारलं. मी घास घेतला आणि म्हणालो, "जरा जास्तच." आतल्या खोलीतून तेच हसू आलं, त्या पहिल्या दिवसाचं.

लग्न झालं. अक्षता पडत होत्या तेव्हा अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बघा, एक तरी दाणा दुसऱ्या दाण्यावर नेमका पडलाय का?" भटजींनी डोळे वटारले. पुढं सणावाराला जावई म्हणून गेलो की मानाच्या पाटाआधी प्रश्न मिळायचा. लोखंड गंजतं त्याला उतार कुणीकडचा? गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते, ती का? मी जे येत नाही ते येत नाही म्हणायला शिकलो. कचेरीतही म्हणू लागलो. पहिल्यांदा "साहेब, नाही कळलं" म्हणालो तेव्हा साहेबांनी कागद परत वाचला आणि म्हणाले, "मलापण नाही कळलेलं." त्या दिवसापासून आमचं जमलं.

माझ्या घरात मात्र अण्णांची ख्याती फार चांगली नव्हती. मुलगी द्यायला आढेवेढे घेणारा, गर्विष्ठ मास्तर, ही तिथं त्यांची ओळख. तात्या तर त्यांना शेवटपर्यंत 'परीक्षामास्तर' म्हणत राहिले. प्रत्येक लग्नकार्यात तो किस्सा निघायचा आणि अण्णा मान खाली घालून ऐकून घ्यायचे, वर म्हणायचे, "चुकलंच माझं. पोरीच्या बापानं एवढं ताणू नये."

दोन हजार नंतरची काही वर्षं उलटली होती. अण्णा जाण्याच्या आदल्या साली जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठेवला. हॉल भरलेला. डॉक्टर, कारखानदार, साखर कारखान्यातले केमिस्ट, आणि तो वडापाववाला विद्यार्थी, ज्याचं आता स्वतःचं हॉटेल आहे. जावई म्हणून मला बोलायला उभं केलं. मी युरियाची कथा मीठमसाला लावून सांगितली. उपाशी पोटी एस.टी., रोजचा पाठ, जयसिंगपूरची टांगती तलवार. शेवटी म्हणालो, "मुलगी देण्याआधी जावयाला असा भाजून काढणारा सासरा वैऱ्यालाही मिळू नये." हॉल टाळ्यांनी दणाणला.

अण्णांनी हातानं खुणावून माईक मागितला.

"पावणं," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी पुन्हा पावणं. "तुमचं एक विधान चुकलंय. मी त्याच दिवशी हो म्हणालतो."

मला वाटलं, वयोमानानं काहीतरी विसरतायत.

"तुमचे तात्या बाहेर चप्पल घालत हुते, तवाच मी तुमच्या सासूबाईंना म्हणलं, पोरगं गरीब हाय, देऊन टाकू. थांबवलं ज्येनं, ते तिसऱ्या रांगेत बसलंय. त्येला विचारा."

साऱ्या हॉलच्या माना वळल्या. सुनंदा तिसऱ्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती. कुणीतरी तिच्या हातात माईक कोंबला.

"मग काय करणार?" ती म्हणाली. "युरिया पिऊन छान म्हणणारा माणूस! उद्या माझी आमटी खारट झाली तर मला कळणार कसं? ह्यांचं पोट दुखलं तर कळणार कसं? मी अण्णांना म्हटलं, ह्यांच्या तोंडून एकदा तरी 'नाही' ऐकू दे, मग मी हो म्हणते. रोज दाराआड उभी राहून वाट बघत होते. पाय दुखले माझे."

"अगं, मग मला सांगायचं ना तसं!" मी स्टेजवरूनच ओरडलो.

"सांगितलं असतं तर लगेच म्हणाला असतात, 'हो, कळलं. म्हणतो नाही.'"

हॉल कोसळला. अण्णा डोळे पुसत होते, हसून. "मला काय," ते म्हणाले, "मला आयता विद्यार्थी मिळाला. मार्कांच्या भ्यानं शिकणारी पोरं लई बघितली. बायकोपायी एन्ट्रॉपी शिकलेला ह्यो एकटाच."

कार्यक्रम संपल्यावर त्यांना धरून रिक्षात बसवताना मी विचारलं, "अण्णा, मग आमच्या घरची एवढी बोलणी इतकी वर्षं का खाल्लीत? एकदा सांगून टाकायचं होतं, 'थांबवणारा मी नव्हतो, पोरगी होती.'"

त्यांनी पाय आत घेतले, धोतर सावरलं. "नवी सून नांदायला जाणार हुती तुमच्यात," ते म्हणाले. "मास्तर वंगाळ निघाला तर चालतंय. सून कशाला?" मग रिक्षावाल्याच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "चला. उतार हाय, गाडी सोडून दिलीसा तरी जाईल."

रिक्षा वळेपर्यंत मी उभा होतो. घरी येताना सुनंदाला विचारलं, "समजा, त्या संध्याकाळीही मी 'कळलं'च म्हणालो असतो, तर किती दिवस थांबणार होतीस?"

"अण्णांचा पाठ संपेपर्यंत," ती म्हणाली.

आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आणि अण्णांचा पाठ कधी संपतो होय?"